मांडव उतरला तरी वेबसाइट राहू द्या : साहित्य संमेलनांच्या संयोजकांना खुलं पत्र

मराठी साहित्य संमेलनांचे संयोजक, स्वागत समित्यांचे कार्यकर्ते आणि घटक संस्थांचे पदाधिकारी यांस,

स. न. वि. वि.

जानेवारी २०२६ मध्ये साताऱ्याला ९९वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. आता शंभरावं. त्या निमित्तानं बैठका होतील, समित्या नेमल्या जातील, बोधचिन्हाची स्पर्धा जाहीर होईल. आणि मंडप, भोजन, निवास, पाहुणे हे सगळं बोलून झाल्यावर बैठकीच्या शेवटी कुणीतरी विचारेल, "वेबसाइटचं काय?" ओळखीतल्या एखाद्या मुलाचं नाव सुचवलं जाईल आणि विषय तिथेच मिटेल. तो तिथे मिटू नये म्हणून हे पत्र लिहिते आहे. शंभराव्या संमेलनाच्या निमित्तानं लिहीत असले तरी ते विद्रोही, ग्रामीण, आदिवासी, मुस्लिम मराठी, बालकुमार, जिल्हा आणि तालुका पातळीवरच्या सगळ्या संमेलनांच्या संयोजकांना उद्देशून आहे. या बाबतीत सगळ्यांची अडचण सारखीच आहे.

मी वेबसाइट तयार करण्याचं काम करते आणि संमेलनांना वाचक म्हणून जाते. अशा कार्यक्रमांच्या वेबसाइट कशा तयार होतात ते मी जवळून पाहिलं आहे. निमंत्रणपत्रिका छापायला गेली की काम सुरू होतं. हातात बोधचिन्ह, मान्यवरांचे फोटो आणि शुभेच्छासंदेश असतात, म्हणून पहिल्या पानावर तेच जातं. वर सरकते फोटो, खाली किती दिवस उरले ते दाखवणारं घड्याळ. कार्यक्रमपत्रिका पीडीएफच्या रूपात एका कोपऱ्यात, तीही पहिल्या मसुद्याची. संमेलन संपतं, तीन दिवस गाजतं, मांडव उतरतो, आणि वर्षा-दोन वर्षांत वेबसाइटही त्याच्यासारखीच उतरलेली असते. फरक एवढाच, की मांडव पुन्हा उभा करता येतो. गेलेला मजकूर परत येत नाही.

माझं मागणं एकच आहे. वेबसाइटकडे संमेलनाची जाहिरात म्हणून न बघता संमेलनाचं दफ्तर म्हणून बघा, आणि ते दफ्तर टिकावं अशा बेतानं पहिल्या दिवसापासून बांधा. पुढे जे लिहिते आहे ते सगळं याच मागण्यातून निघालेलं आहे.

लोकहितवादी आणि न्यायमूर्ती रानडे यांनी १८७८ साली पुण्यात ग्रंथकारांना एकत्र बोलावलं. त्यासाठीचं आवाहन 'ज्ञानप्रकाश'मध्ये छापून आलं होतं. ते छापील होतं आणि कुणीतरी ते जपलं, म्हणून जवळजवळ दीडशे वर्षांनी आपण त्याविषयी तारीखवार बोलू शकतो. १८८५ च्या दुसऱ्या संमेलनाचं निमंत्रण नाकारताना महात्मा फुल्यांनी रानड्यांना जे पत्र लिहिलं, ते 'ज्ञानोदया'त छापलं गेलं. त्या संमेलनात कोण काय बोललं हे आज फारसं कुणाला सांगता येणार नाही, पण जे आले नाहीत त्यांचं पत्र अजून वाचलं जातं. उलट गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या एखाद्या संमेलनाच्या वेबसाइटवर झळकलेलं निवेदन आज शोधून पाहा. कागदावर जे आपसूक टिकत होतं, ते इथे कुणीतरी ठरवून टिकवावं लागतं.

ते टिकत नाही याचं पहिलं कारण तंत्राशी नाही, व्यवस्थेशी निगडित आहे. संमेलनाचं यजमानपद दर वर्षी नव्या गावाकडे, नव्या संस्थेकडे जातं. संमेलन भरवणाऱ्या अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाचं कार्यालयसुद्धा दर तीन वर्षांनी घटक संस्थांमध्ये फिरतं: पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, मुंबई. फिरतं राहणं हा या परंपरेचा गुणच आहे. पण वेबसाइटचा पत्ताही असाच फिरत राहिला, दर यजमानानं आपल्या गावाच्या आणि सालाच्या नावानं नवा पत्ता घेतला, तर त्या पत्त्याला कुणी वाली उरत नाही. तो बहुधा एखाद्या कार्यकर्त्याच्या किंवा वेबसाइट करणाऱ्या व्यावसायिकाच्या ईमेलवर नोंदलेला असतो. पुढच्या वर्षी नूतनीकरणाची सूचना त्याच्याकडे जाते. स्वागत समिती तोवर विसर्जित झालेली असते, हजार-बाराशे रुपये कुणी भरायचे हे ठरलेलं नसतं, आणि पत्ता सुटतो. सुटलेले पत्ते उचलून त्यावर जुगाराच्या आणि औषधांच्या जाहिराती लावणारे लोक टपलेलेच असतात. ज्या पत्त्याचा क्यूआर कोड स्मरणिकेवर छापला गेला आहे, तो उद्या तिथे घेऊन जाणार.

यावरचा उपाय साधा आहे. पत्ता एकच ठेवा, कायमचा, आणि शेवटी फक्त संमेलनाचा क्रमांक बदलू द्या. अठ्ठ्याण्णव टाकलं की दिल्ली, नव्व्याण्णव टाकलं की सातारा, शंभर टाकलं की पुढचं. नोंदणी संस्थेच्या नावावर करा. व्यक्तीच्या नको, पदाधिकाऱ्याच्या तर नकोच, कारण पदाधिकारी बदलतात. पैसे एकदम दहा वर्षांचे भरता येतात. देवनागरीतला पत्ताही घेता येतो, '.भारत' हे देवनागरी डोमेन २०१४ पासून मिळतं आहे. मराठी साहित्याच्या संमेलनाचा पत्ता मराठीत लिहिता यावा हे मला फार मोलाचं वाटतं. रोमी अक्षरांतला पत्ताही जोडीला ठेवा, दोन्ही एकाच ठिकाणी जातील.

जगातली पहिली वेबसाइट १९९१ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत तयार झाली. मध्ये ती त्या जागी दिसेनाशी झाली होती, तेव्हा २०१३ मध्ये सर्ननं खटपट करून ती मूळ पत्त्यावर परत आणली. त्या पानावर चित्र नाही, रंग नाही, नुसता मजकूर आणि दुवे. आजच्या फोनवर ते विनासायास उघडतं, कारण त्यात मोडण्यासारखं काही नाही. संमेलनाच्या पानांचा पायाही असाच साधा असू द्या. झगमग करणारे तयार साचे दोन-तीन वर्षांत जुने होतात, त्यांना सतत डागडुजी लागते आणि डागडुजी झाली नाही की त्यातूनच कुणीतरी आत शिरतं. साधा मजकूर असलेलं पान वर्षानुवर्षं तसंच पडून राहिलं तरी चालतं.

आता जे संमेलनाला येणार आहेत त्यांच्याबद्दल. त्यांना पहिल्या पानावर मान्यवरांचे फोटो नको असतात. उदगीर, अमळनेर, वर्धा, घुमान अशा ठिकाणी माणसं लांबून येतात. त्यांना हवं असतं ते असं: कुठल्या स्टेशनवर उतरायचं, तिथून रिक्षा की एसटी, रात्री उशिरा पोचलं तर कुणाला फोन करायचा, प्रतिनिधी शुल्कात जेवण धरलंय का, निवासाच्या शाळेत अंथरूण-पांघरूण मिळेल का. साताऱ्याचं रेल्वे स्टेशन शहरात नाही, बाहेर माहुलीला आहे. साताऱ्याच्या माणसाला हे सांगावंसं वाटणार नाही, कारण त्याला ते जन्मापासून माहीत आहे. गोंदियाहून येणाऱ्याला ते कळायला हवं. म्हणून हा मजकूर लिहिताना बाहेरगावच्या दोघा-तिघांना वाचायला द्या आणि त्यांना कुठे प्रश्न पडतात ते बघा. स्वच्छतागृह कुठे आहे, व्हीलचेअर कुठल्या फाटकातून आत येते, पिण्याचं पाणी कुठे, हे नकाशावर असलंच पाहिजे. संमेलनाला येणाऱ्यांत साठी ओलांडलेले कितीतरी असतात आणि हे प्रश्न ते संकोचानं विचारत नाहीत.

कार्यक्रमपत्रिका चित्र म्हणून टाकू नका. व्हॉट्सॲपवर फिरवायला जेपीजी ठीक आहे, पण वेबसाइटवर ती मजकूर म्हणूनच हवी. चित्रातला मजकूर शोधता येत नाही, मोठा केला की फुटतो, आणि दृष्टिहीन वाचकाला तर तिथे काहीच नसतं. आज फोनमधली आणि संगणकातली वाचक-प्रणाली मराठी वाचून दाखवते, एनव्हीडीए नावाची प्रणाली तर फुकट मिळते. ब्रेलमध्ये आणि ऐकून साहित्य वाचणारे कितीतरी वाचक संमेलनाला येतात. त्यांच्यासमोर ज्येष्ठ कवींची नावं असलेली पत्रिका "चित्र" एवढाच शब्द उच्चारून गप्प बसते.

आणि ती बदलती ठेवा. परिसंवाद लांबतो, पाहुण्यांचं विमान चुकतं, मुलाखत एका मंडपातून दुसऱ्यात हलते. छापील पत्रिकेला हे कळत नाही, ध्वनिक्षेपकावरची सूचना ग्रंथप्रदर्शनात ऐकू येत नाही. एका कार्यकर्त्याकडे फक्त एवढंच काम द्या: बदल कळला की फोनवरून तो पानावर टाकायचा. हे पान हलकंही हवं. हजारो माणसं एकाच टॉवरखाली जमलेली असतात तेव्हा सरकत्या फोटोंचं पान उघडतच नाही. एकदा उघडलं की नेटवर्क गेलं तरी फोनमध्ये राहील असं पान करता येतं, ते करणाऱ्याला आवर्जून सांगा.

अक्षरांबद्दल जरा सविस्तर लिहिते. आपल्याकडे जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यानं देवनागरी टाइपाला जे वळण दिलं, त्याची कीर्ती देशभर होती. विंडोजबरोबर घरोघर पोचलेला 'मंगल' हा फाँट करणारे र. कृ. जोशी सुलेखनकार होते आणि कवीही होते. मुंबईच्या 'एक टाइप'नं केलेले 'मुक्ता' आणि 'बलू' कुणालाही मोफत वापरता येतात. इतकं असताना संमेलनाच्या वेबसाइटवर मराठी अक्षर अनेकदा परकं दिसतं. बहुतेक साचे इंग्रजीसाठी केलेले असतात. त्यात दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापानं असतं, म्हणून वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला आणि अनुस्वाराला जाऊन भिडतो. मथळ्याच्या अक्षरांत अंतर सोडण्याची इंग्रजी पद्धत देवनागरीला लावली की शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे सुटे तुकडे दिसतात. तिरपं अक्षर आपल्या लिपीच्या परंपरेतलं नाही, संगणक ते नुसतं ढकलून तिरपं करतो. पुस्तकांची नावं त्यात लिहू नका, एकेरी अवतरणचिन्ह पुरेसं आहे.

त्याहून बारीक गोष्ट 'ल' आणि 'श' यांची. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श ही आपली वळणं. अनेक फाँटमध्ये दोन्ही भाषांची वळणं असतात, पण हे पान मराठीत आहे असं आतल्या कोडमध्ये लिहिलेलं नसलं की हिंदीची वळणं दिसतात. एका ओळीचं काम आहे. तीच ओळ असली की वाचक-प्रणालीलाही मजकूर मराठी उच्चारांत वाचायचा हे कळतं. 'टिरो देवनागरी'सारख्या फाँटमध्ये मराठीसाठी वेगळी आवृत्तीच केलेली आहे आणि तीही मोफत आहे. हे बारकावे पाहणारं कुणीतरी तुमच्या समितीत हवं. गावातला चित्रकला शिक्षक, जुन्या छापखान्यातला जुळारी, मुद्रितशोधक, कुणीही. जाहीर होण्याआधी अक्षर त्यांच्या डोळ्यांखालून जाऊ द्या.

शोधाच्या चौकटीबद्दलही. 'वाऱ्यावर' या शब्दातला अर्धा र संगणकात दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. 'ॲ'चंही तसंच. कवीनं एका पद्धतीनं टंकलेलं असतं, वाचक दुसऱ्या पद्धतीनं शोधतो आणि "काही सापडलं नाही" असं उत्तर मिळतं. आत दोन्ही रूपं एक मानायची सोय करून घ्या. आणि जुन्या श्रीलिपी किंवा तत्सम फाँटमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारखाच वाचता येईल अशा रूपात आणा, मगच चढवा. नाहीतर कविता चिन्हांचा कचरा होऊन बसते.

माझ्या मते ज्या गोष्टीसाठी वेबसाइट सर्वांत जास्त उपयोगी पडू शकते, ती म्हणजे कवी कट्टा. मुख्य मंचावरच्या कविसंमेलनातल्या कवींची नावं वर्तमानपत्रात येतात. कट्ट्यावर सकाळपासून रात्रीपर्यंत शेकडो कवी येतात. शिक्षक, शेतकरी, अंगणवाडीताई, एसटीतले वाहक, निवृत्त तलाठी, कॉलेजातली मुलं. कितीजण पहिल्यांदाच माइकसमोर उभे राहतात. दोन-तीन मिनिटं मिळतात, नाव पुकारलं जातं, कविता होते, पुढचं नाव येतं. हातात प्रमाणपत्र असतं. त्या कवितेची नोंद मात्र कुठेच राहत नाही. मला वाटतं, संमेलन खऱ्या अर्थानं अखिल मराठी असतं ते त्या कट्ट्यावर, आणि नेमकी तीच जागा आपल्या दफ्तरात कोरी राहते.

कट्ट्यावर कविता वाचणाऱ्या प्रत्येकाचं नाव, गाव आणि ती एक कविता, त्यांची परवानगी घेऊन, वेबसाइटवर ठेवा. जमलं तर आवाजही. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, झाडीबोली, आगरी अशा बोलीतल्या कविता तर आवाजासकटच हव्यात, लिहिलेल्या अक्षरांत त्यांचा हेल येत नाही. याला मोठा खर्च नाही. ध्वनिव्यवस्था लावलेलीच असते, तिला एक रेकॉर्डर जोडायचा आणि नोंदणीच्या टेबलावर क्रमांक लिहून घ्यायचा.

मात्र नोंदणीचा अर्ज नीट करा. तयार अर्जांत नावाच्या चौकटीला फक्त इंग्रजी अक्षरं चालतात. 'सावित्री' असं देवनागरीत लिहिलं की "योग्य नाव भरा" अशी लाल ओळ येते. मराठी कवितेच्या संमेलनात मराठीत लिहिलेलं नाव अयोग्य ठरतं, ही माणसाच्या मनाला लागणारी गोष्ट आहे. काही अर्ज आडनाव सक्तीचं करतात. टोपणनावानं लिहिण्याची आपली परंपरा किती जुनी आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. अक्षरमर्यादाही इंग्रजी हिशेबानं असते. आपल्या डोळ्यांना 'क्षि' हे एक अक्षर आहे, संगणक त्याची चार चिन्हं मोजतो. म्हणून कविता मर्यादेत असूनही शेवटच्या कडव्यात छाटली जाते, कधी कधी अक्षराच्या मधूनच. कवितेला मर्यादा घालायची तर ओळींची घाला.

ओळ हा तर कवितेचा जीव. बरेचसे अर्ज ओळी सोडलेल्या विसरतात आणि अख्खी कविता गद्यासारखी एका परिच्छेदात छापतात. ओवी, अभंग, गझल, मुक्तछंद, सगळं एकसारखं होऊन जातं. फोनच्या अरुंद पडद्यावर लांब ओळ मावत नाही, ती खाली वळते आणि वाचकाला कळत नाही की इथे कवीनं ओळ तोडली की फोननं. त्यावर जुन्या मुद्रकांची पद्धत आहे: वळलेला भाग थोडा आत सरकवून छापायचा. वेबसाइटवर हे दोन मिनिटांत होतं. गझलेच्या शेरांमध्ये एक मोकळी ओळ, अभंगाच्या चरणांत नाही, इतका विचार करणारी वेबसाइट मराठी कवींना मिळावी अशी माझी फार इच्छा आहे.

संमेलन संपल्यावर जे काम सुरू व्हायला हवं, त्याकडे येते. अध्यक्षीय भाषण छापील पुस्तिकेत निघतं आणि मंडपात वाटलं जातं. कऱ्हाडला १९७५ मध्ये, आणीबाणी चालू असताना, दुर्गाबाई भागवत अध्यक्ष होत्या. ग्वाल्हेरला १९६१ मध्ये कुसुमावती देशपांडे पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. त्यानंतर दुर्गाबाई, शान्ता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि २०२५ मध्ये दिल्लीला तारा भवाळकर. एखाद्या विद्यार्थिनीला या सहाजणींची भाषणं शेजारी शेजारी ठेवून वाचायची असली, तर तिला ग्रंथालयं पालथी घालावी लागतील. पहिल्यापासूनची सगळी अध्यक्षीय भाषणं, युनिकोड मजकुरात, शोधता येतील अशी एका पत्त्यावर असणं हेच शंभराव्या संमेलनाचं मोठं काम ठरेल. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी आपल्या कायद्यानं स्वामित्वहक्क संपतो. म्हणजे अकोल्याचे हरिभाऊ आपटे, हैदराबादचे केतकर, जळगावचे माधव ज्यूलियन यांच्या भाषणांना कुणाची परवानगीही लागणार नाही. पुढच्यांच्या वारसांना पत्र लिहायचं आहे. नकार येतील असं मला वाटत नाही.

ठरावांचंही पान हवं. १९४६ मध्ये बेळगावच्या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, पुढे त्याचं काय झालं ते सगळा महाराष्ट्र जाणतो. अभिजात दर्जाची मागणी मराठी व्यासपीठांवरून वर्षानुवर्षं होत राहिली, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तो मिळाला. पण बाकीचे ठराव? मराठी शाळा, ग्रंथालयं, सीमाभाग यांच्याविषयी काय ठरलं, कुणाकडे पाठवलं, उत्तर आलं का? ठराव, पाठवल्याची तारीख, आलेलं उत्तर, असं पान दर संमेलनानंतर पुढे लिहीत गेलं तर ठरावाला वजन येईल आणि तो स्वीकारणाऱ्यालाही कुणीतरी पाहतंय याची जाणीव राहील.

जे आले नाहीत, ज्यांना येऊ दिलं नाही, त्यांनाही या दफ्तरात जागा द्या. २०१९ मध्ये यवतमाळच्या संमेलनाच्या उद्घाटनासाठी बोलावलेल्या नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतलं गेलं, आणि त्यांचं न झालेलं भाषण मराठीत भाषांतरित होऊन महाराष्ट्रभर वाचलं गेलं. १९९९ मध्ये धारावीत पहिलं विद्रोही संमेलन भरलं, त्यालाही कारणं होती. ही नोंद ठेवल्यानं कुणाचं कमीपण होत नाही. फुल्यांचं पत्र वगळून आपण १८८५ चा इतिहास सांगू शकतो का?

थेट प्रक्षेपणाचं एवढंच सांगते: चित्रफीत तासन्‌तास लांब एकसंध टाकू नका, प्रत्येक परिसंवाद वेगळा करा, त्याला वक्त्यांची नावं द्या. परदेशातल्या मराठी माणसांचा विचार करून वेळा द्या. २००९ मध्ये पहिलं विश्व साहित्य संमेलन कॅलिफोर्नियात झालं, त्या भागातले वाचक अजूनही आपलं संमेलन घरून पाहतात. आपल्याकडे सकाळचे दहा वाजतात तेव्हा जानेवारीत तिथे आदल्या रात्रीचे साडेआठ झालेले असतात. पानानं ते आपोआप दाखवावं.

पैशाचा प्रश्न तुम्ही विचारणारच, आणि तो रास्त आहे. संमेलनासाठीचं शासनाचं अनुदान ५० लाखांवरून २ कोटींवर गेलं. मी वर लिहिलेलं सगळं करायला त्याचा फार लहान भाग लागेल. पण तो लागेल, आणि तो अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत लिहिलेला असायला हवा. काम करणाऱ्या मुलाला किंवा मुलीला मानधन द्या. साहित्यसेवा म्हणून फुकट करून घेतलेलं काम पुढच्या वर्षी सांभाळायला कुणी येत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. करारात लिहा की संमेलनानंतर सगळा मजकूर, चित्रं आणि परवलीचे शब्द संस्थेकडे येतील. एक प्रत संस्थेच्या ग्रंथालयात, एक दुसऱ्या घटक संस्थेत ठेवा. इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून जगभरातली पानं जपून ठेवते, तिच्याकडेही पत्ता नोंदवता येतो आणि त्याला पैसे लागत नाहीत.

तेव्हा विनंती अशी, की वेबसाइटचा विषय पहिल्याच बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्या आणि तीन गोष्टी ठरवून इतिवृत्तात लिहा: पत्ता कुणाच्या नावावर राहील, मजकूर आणि अक्षर कोण तपासेल, आणि संमेलन संपल्यावर वर्षभर ते कोण सांभाळेल. रंग, बोधचिन्ह, मांडणी यांवर नंतर हवी तेवढी चर्चा करा.

जुन्या अध्यक्षीय भाषणांचं टंकन सुरू झालं तर मूळ पुस्तिकेशी ताडून बघण्याचं काम मी आनंदानं करीन. माझ्या ओळखीतले काही मुद्रितशोधक आणि दोन-तीन ग्रंथपालही तयार आहेत. सुरुवात कुठल्या भाषणापासून करायची ते तुम्ही कळवा.

कळावे,

तुमची,
संमेलनांना येणारी एक वाचक